अलील फ्रिक्वेन्सी काढायची कशी: आधी परात, मग सूत्र

एमएस्सीला नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी वही उघडू देत नाही. कोथरूडला आमच्या गच्चीवर बसतो, स्वयंपाकघरातून एक परात, दहा वाट्या आणि दोन डबे आणायचे, एकात पांढरे वाटाणे आणि एकात काळे. प्रत्येक वाटीत दोनच वाटाणे टाकायचे, कुठे दोन्ही पांढरे, कुठे दोन्ही काळे, कुठे एकेक. वाटी म्हणजे माणूस आणि वाटाणा म्हणजे अलील, जीनचं एक रूप, एक आईकडून आलेलं एक वडिलांकडून. मग सगळ्या वाट्या परातीत उपड्या करायच्या, काळे वाटाणे मोजायचे आणि परातीतल्या एकूण वाटाण्यांनी भागायचं. झालं, हीच काळ्याची अलील फ्रिक्वेन्सी, बाकी काही नाही.

हे इतकं सोपं आहे तर मग मुलं अडकतात कुठे? माझ्या अनुभवात दोनच जागी. एक म्हणजे परातीत नक्की किती वाटाणे आहेत हे ठरवताना, म्हणजे भागाकारात खाली काय येणार ते, आणि दुसरं म्हणजे वाटीतले वाटाणे आपण खरंच बघितलेत का नुसते गृहीत धरलेत हे विसरताना. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे, त्यामुळे घाई करू नका, कागद-पेन घेऊन बसा आणि आकडेमोड स्वतः करा.

पहिली पायरी, जिथे सगळं दिसतं तिथून सुरुवात

सुरुवातीला एमएन रक्तगट घ्या. लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनी १९२७ मध्ये शोधलेला हा रक्तगट शिकायला फार छान आहे कारण यात काही लपत नाही. अँटी-एम आणि अँटी-एन अशी दोन सीरम वापरली की एमएम, एमएन आणि एनएन हे तीनही प्रकार वेगवेगळे कळतात, म्हणजे वाटीत डोकावून दोन्ही वाटाणे बघता येतात.

समजा तुम्ही १२० जण तपासले (हे आकडे मी सरावासाठी घेतलेत, कुठल्या सर्व्हेचे नाहीत). एमएम निघाले ४५, एमएन ५१, एनएन २४. आता पेन उचलल्यावर सगळ्यात आधी खालचा आकडा लिहा. १२० माणसं, प्रत्येकाचे दोन अलील, म्हणजे २४०. हा २४० कागदावर मोठ्ठा लिहून त्याला चौकट करा, मी खरंच करायला लावते.

मग एम मोजा. एमएमवाल्या ४५ जणांकडे दोन-दोन म्हणजे ९०, एमएनवाल्या ५१ जणांकडे एकेक म्हणजे ५१, बेरीज १४१. एनसाठी तसंच, २४ दुणे ४८ अधिक ५१, म्हणजे ९९. आता १४१ आणि ९९ मिळून २४० होतात का बघा, होतात, म्हणजे मोजणी बरोबर आहे. एमची फ्रिक्वेन्सी १४१ ÷ २४० = ०.५८७५ आणि एनची ९९ ÷ २४० = ०.४१२५. यातल्या एकीला पी म्हणायचं, दुसरीला क्यू. कुणाला काय म्हणायचं ते तुमच्यावर आहे पण एकदा ठरवलं की वहीच्या वर लिहून ठेवा, मध्येच अदलाबदल झाली की शोधताना रात्र जाते.

इथे सर्रास होणारी चूक सांगते. एम ज्यांच्यात आहे अशी माणसं ४५ अधिक ५१ म्हणजे ९६, भागिले १२०, उत्तर ०.८०. एन ज्यांच्यात आहे ती ७५, भागिले १२०, उत्तर ०.६२५. दोन्हीची बेरीज १.४२५, आणि ती एक यायला हवी. इथे माणसं मोजली गेली, अलील मोजलेच नाहीत, एमएनवाला माणूस दोन्हीकडे अख्खा धरला गेला. हा आकडा चुकीचा आहे असं नाही, एम असणाऱ्या माणसांचं प्रमाण ८० टक्के हे खरंच आहे, पण ती अलील फ्रिक्वेन्सी नव्हे. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, फक्त नावं वेगळी ठेवा.

एक शॉर्टकट पण आहे. एमएमचं प्रमाण अधिक एमएनच्या प्रमाणाचं अर्धं, म्हणजे ०.३७५ + ०.२१२५ = ०.५८७५, तेच उत्तर. पण मी म्हणेन पहिले पंधरा दिवस हा वापरू नका, वाट्या परातीत ओतूनच मोजा, कारण डेटात काही रिकामं असलं की शॉर्टकटमध्ये ते लक्षातच येत नाही.

दुसरी पायरी, रिकाम्या वाट्या

रिकामं म्हणजे काय ते सांगते. लॅबमध्ये ९६ खळग्यांची प्लेट लावली, दोन कंट्रोल (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं), उरले ९४ सॅम्पल. त्यातले सात चाललेच नाहीत, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) फेल. आता खालचा आकडा १८८ नाही, ८७ दुणे १७४. ऐकताना सगळे मान डोलावतात आणि एक्सेलमध्ये मात्र सूत्रात ९४ च राहून जातं, कारण ते शीटच्या वरच्या ओळीत आधीच टाइप केलेलं असतं. म्हणून एकूण संख्या हाताने लिहूच नका, काउंटइफ वापरून तीन जीनोटाइप (वाटीतल्या अलीलच्या जोड्या) वेगवेगळे मोजा आणि त्यांच्या बेरजेवरूनच खालचा आकडा येऊ द्या. आणि हे प्रत्येक मार्करला (म्हणजे डीएनएतल्या तपासायच्या जागेला) वेगळं, कारण एका मार्करला सात फेल झाले म्हणून दुसऱ्यालाही तेच सात होतील असं काही नाही.

जीनोमचा डेटा असेल, म्हणजे व्हीसीएफ फाइल, तरी हिशोब तोच. तिथे शून्य-शून्य, शून्य-एक, एक-एक असे जीनोटाइप असतात आणि न मिळालेल्याच्या जागी टिंबं. शून्य म्हणजे रेफरन्स जीनोममधला अलील, एक म्हणजे दुसरा. एसी म्हणजे तो दुसरा अलील किती वेळा दिसला, एएन म्हणजे एकूण किती अलील वाचता आले, एएफ म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारा आकडा, म्हणजे काळे वाटाणे आणि परात, फक्त नावं बदलली. एक सावधानता, रेफरन्स म्हणजे जास्त आढळणारा अलील असं समजू नका, तसं असेलच असं नाही. आणि अशा डेटासाठीचं प्लिंक हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची १.९ आवृत्ती आपणहून कमी आढळणाऱ्या अलीलला ए-वन म्हणते, त्यामुळे एका गटात ए-वन वेगळा आणि दुसऱ्या गटात वेगळा असं होऊ शकतं आणि तुम्ही दोन वेगळ्याच अलीलची तुलना करत बसता. अलीलचं अक्षर प्रत्येक वेळी शेजारी लिहा.

तिसरी पायरी, हार्डी-वाइनबर्ग बघायचं

१९०८ साली केंब्रिजचे गणिती हार्डी आणि जर्मनीतले डॉक्टर वाइनबर्ग यांनी हे वेगवेगळं मांडलं. परातीच्या भाषेत सांगायचं तर, परात नीट ढवळायची, डोळे मिटून दोन वाटाणे उचलून एका वाटीत टाकायचे, असं करत सगळ्या वाट्या भरायच्या. मग दोन्ही पांढरे येण्याचं प्रमाण पीचा वर्ग, दोन्ही काळे क्यूचा वर्ग, आणि एक-एक म्हणजे २ × पी × क्यू. दोन का, तर आधी पांढरा मग काळा किंवा आधी काळा मग पांढरा, दोन्ही चालतं म्हणून.

आपल्या १२० जणांवर लावून बघू. एमएम अपेक्षित ४१.४२, एमएन ५८.१६, एनएन २०.४२. आपल्याला मिळाले ४५, ५१, २४. मिश्र, म्हणजे एमएन, थोडे कमी दिसतात, पण हा फरक नशिबाचा आहे की खरा? काय-स्क्वेअर काढा, प्रत्येक गटात मिळालेले वजा अपेक्षित, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित, आणि तिन्हींची बेरीज. इथे ती साधारण १.८२ येते. तीन गट असले तरी डिग्री ऑफ फ्रीडम एकच, कारण एक बेरजेत जाते आणि एक पी आपण याच डेटातून काढला त्यात जाते, त्यामुळे मर्यादा ३.८४. आपण खाली आहोत, म्हणजे एवढा फरक योगायोगाने येऊ शकतो. पुष्कळ मुलं डिग्री ऑफ फ्रीडम दोन धरतात, तसं करू नका. आणि एखाद्या गटात अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली तर काय-स्क्वेअरवर विसंबू नका, एक्झॅक्ट टेस्ट करा.

आता महत्त्वाचं. पी आणि क्यू काढायला आपल्याला हार्डी-वाइनबर्ग लागलंच नाही! आपण मोजले. हे डोक्यात पक्कं बसू द्या, कारण मी बघते की मुलं तिन्ही जीनोटाइप समोर असताना सुद्धा एनएनच्या प्रमाणाचं वर्गमूळ काढून क्यू सांगतात. इथे ते करून बघा, २४ ÷ १२० = ०.२०, वर्गमूळ ०.४४७, आणि मोजून आलेलं उत्तर ०.४१२५. हातात खरी मोजणी असताना ९६ माणसांची माहिती फेकून देऊन अंदाज कशाला बांधायचा?

चौथी पायरी, वर्गमूळ कधी काढायचं

जिथे वाटीत डोकावता येत नाही तिथे. याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे बॉम्बे रक्तगट. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नोंदवला. या माणसांमध्ये एच अँटिजनच (ए आणि बी अँटिजन ज्यावर बनतात तो पाया) तयार होत नाही, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ते ओ गटाचे वाटतात, पण त्यांना ओ गटाचं रक्त चढवलं तर जीवावर बेतू शकतं. ज्याच्याकडे बिघडलेला अलील दोन्हीकडून आला तोच ओळखता येतो, एकच असलेला माणूस रक्तगटाच्या तपासणीत अगदी सर्वसामान्य दिसतो.

मुंबईच्या भागात दर दहा हजारात साधारण एक असं प्रमाण सांगितलं जातं. म्हणजे क्यूचा वर्ग ०.०००१, क्यू ०.०१, आणि वाहक, म्हणजे बिघडलेला अलील एकच असलेले, २ × ०.९९ × ०.०१ = ०.०१९८, म्हणजे साधारण पन्नासात एक. दहा हजारात एक बॉम्बे गटाचा आणि पन्नासात एक वाहक, हा फरक पहिल्यांदा कळतो तेव्हा मुलं गप्प होतात, आणि व्हायलाच हवं, कारण दुर्मिळ अलील जवळजवळ सगळे वाहकांमध्येच लपलेले असतात.

पण या पन्नासात एकला मी कधीच पुढे 'हे मोजलंय' असं लिहू देत नाही. हे तेव्हाच खरं जेव्हा परात नीट ढवळलेली असेल, आणि आपल्याकडे ती ढवळलेली नसते. लग्नं जातीत होतात, कित्येक घरांमध्ये मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलाला एकाच पूर्वजाकडून तोच अलील दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता सोळात एक असते. हिशोब असा: क्यूचा वर्ग अधिक (१ ÷ १६) × पी × क्यू. क्यू ०.०१ धरला तर उत्तर ०.०००७२ येतं, म्हणजे इतरांच्या सातपट.

याचा उलटा परिणाम बघा. सगळ्या लोकसंख्येत ही शक्यता (वर जी १ ÷ १६ होती ती) सरासरी फक्त ०.०१ असली, तरी तेच दहा हजारात एक हे प्रमाण यायला क्यू ०.०१ लागत नाही, ०.००६२ पुरतो. आणि मग वाहक पन्नासात एक नाहीत, ब्याऐंशीत एक. बॉम्बे गटाची माणसं तेवढीच, वर्गमूळ तेच, पण परात ढवळलेली नाही एवढ्याने उत्तर इतकं हललं. म्हणून जिथे वर्गमूळ काढाल तिथे शेजारी लिहायचं की हा अंदाज रँडम मेटिंग (म्हणजे परात नीट ढवळलेली) धरून काढलाय.

एबीओ रक्तगटाचं पण थोडं असंच, तीन अलील आहेत आणि ए गटाचा माणूस एए आहे का एओ ते दिसत नाही. सुरुवातीला बर्नस्टाइन यांनी १९२४ मध्ये दिलेली पद्धत पुरते. ओचा अलील म्हणजे ओ गटाच्या प्रमाणाचं वर्गमूळ, ए म्हणजे एकातून बी आणि ओ गटांच्या एकत्र प्रमाणाचं वर्गमूळ वजा, बी म्हणजे एकातून ए आणि ओ यांच्या एकत्र प्रमाणाचं वर्गमूळ वजा. तिन्हींची बेरीज अगदी नेमकी एक येत नाही, थोडं इकडे-तिकडे होतं, घाबरू नका.

पाचवी पायरी, ज्यांच्या वाटीत एकच वाटाणा

एक्स क्रोमोसोमवरचा जीन असेल तर पुरुषांकडे एकच अलील. वर्गात ६० मुलगे ४० मुली असतील तर परातीत ६० + ८० = १४०, दोनशे नाहीत. लाल-हिरव्या रंगांधळेपणात तर अजून एक भानगड, इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तकाने वाहक मुली ओळखता येत नाहीत, म्हणून फ्रिक्वेन्सी मुलग्यांवरूनच काढायची. ६० मुलग्यांत ३ निघाले तर क्यू सरळ ०.०५, इथे वर्गमूळ वगैरे काही नाही, आणि मुलींमध्ये अपेक्षित त्याचा वर्ग, चारशेत एक. ४० मुलींत एकही नाही सापडली तर त्यात नवल नाही.

सहावी पायरी, कुणाच्या वाट्या घेतल्या

ही पायरी पुस्तकात शेवटच्या परिच्छेदात असते आणि मला वाटतं तीच सगळ्यात जास्त लोक चुकवतात. दोन गाव घ्या, प्रत्येकी १०० माणसं, एका गावात पी ०.९ आणि दुसऱ्यात ०.३. दोन्ही गावं आपापल्या जागी अगदी हार्डी-वाइनबर्गप्रमाणे. एकत्र केलं तर पी ०.६, आणि सूत्र म्हणतं मिश्र ४८ टक्के हवेत, पण प्रत्यक्षात पहिल्या गावात १८ टक्के आणि दुसऱ्यात ४२ टक्के, म्हणजे सरासरी ३०. कुणीच चुकीचं मोजलेलं नाही तरी मिश्र गायब! याला वॉलुंड परिणाम म्हणतात, आणि पुण्यात बसून सॅम्पल घेणाऱ्याने तर हा उशाला ठेवून झोपावं. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीच्या कँटीनमध्ये रक्तदान शिबिर लावलं तर तिथे लातूर, नागपूर, इंदूर, पाटणा, कोची सगळीकडची माणसं असतात, त्या सगळ्यांची एक परात करून 'पुणेकरांची फ्रिक्वेन्सी' म्हणता येत नाही. आपल्याच डेक्कन कॉलेजमधल्या इरावती कर्वे यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या आपापसात लग्न करणाऱ्या गटांची शारीरिक मोजमापं आणि रक्तगट गटागटाने वेगळे तपासले होते, १९६० च्या दशकात. गट वेगळे ठेवायची ही सवय आजही तितकीच कामाची आहे.

मिश्र कमी येण्याचं कारण दर वेळी समाजातच असतं असं मात्र नाही, कधी ते लॅबमध्ये असतं. पीसीआरमध्ये दोनपैकी एकच अलील वाढला तर मिश्र माणूस होमोझायगस, म्हणजे दोन्ही अलील सारखे असलेला, दिसतो. उलटही होतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बदलाने डीएनए कापणाऱ्या डीडीई-वन एन्झाइमची कापायची जागा जाते, म्हणजे नॉर्मल अलील कापला जातो, सिकल तसाच राहतो, आणि एन्झाइमने अर्धवटच कापलं तर एए (दोन्ही नॉर्मल) माणसाच्या जेलवरच्या लेनमध्ये न कापलेला बँड, म्हणजे पट्टा, उरतो आणि तो माणूस एएस (एक नॉर्मल, एक सिकल) वाटायला लागतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये हेच झालं होतं, वाहक भराभर वाढले, आणि माझ्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं की पूर्ण कापलं जाणारं कंट्रोल कुठल्या लेनमध्ये आहे. ते मी लावलंच नव्हतं. सगळी जेल परत केली, तीन आठवडे गेले, आणि तेव्हापासून कंट्रोलशिवाय मी जेलचा फोटो बघत सुद्धा नाही.

सिकलसेलचं नाव निघालंच आहे तर एक पूर्ण गणित करा. समजा एका गावात २५० जणांची एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या यंत्राने) तपासणी केली, एए २०५, एएस ४२, एसएस ३. परात ५००. एस अलील ४२ + ६ = ४८, फ्रिक्वेन्सी ०.०९६. वाहकांचं प्रमाण ४२ ÷ २५०, म्हणजे १६.८ टक्के. आणि सोल्युबिलिटी टेस्ट (सिकल हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगणारी) पॉझिटिव्ह किती, तर एएस आणि एसएस दोन्ही, ४५, म्हणजे १८ टक्के, कारण ती टेस्ट दोघांत फरक करत नाही. तीन आकडे, तीन अर्थ. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, नंदुरबार-गडचिरोलीकडे या आजाराची तपासणी चालते, तुमच्यापैकी कुणी उद्या तिथे कामाला जाल. तिथे 'अठरा टक्के' म्हणताना काय अठरा टक्के हे सांगितलं नाही तर लग्न ठरवणाऱ्या घराला चुकीचं कळतं, गोळ्या-औषधांचा अंदाज चुकतो. आणि सॅम्पल ओपीडीतून घेऊ नका, तिथे आजारीच येतात, आणि एकाच घरातले चौघं आले तर ते चार स्वतंत्र वाट्या नाहीत, त्यांचे वाटाणे एकाच ठिकाणाहून आलेत.

शेवटचं, उत्तर लिहायचं कसं

०.५८७५ असं चार अंकी उत्तर देऊन थांबू नका. पी × क्यू ÷ एकूण अलील, त्याचं वर्गमूळ, ही झाली स्टँडर्ड एरर. आपल्या एमएनसाठी ०.५८७५ × ०.४१२५ ÷ २४०, वर्गमूळ साधारण ०.०३२. दुप्पट करून दोन्हीकडे धरा, म्हणजे खरा आकडा ०.५२ ते ०.६५ च्या मध्ये कुठेतरी असावा. एवढी रुंदी असताना चौथा दशांश दाखवण्यात काही अर्थ नाही. तर जर्नलमध्ये ओळ अशी लिहा: एम अलील ०.५९, स्टँडर्ड एरर ०.०३, माणसं १२०, वाचलेले अलील २४०, फेल सॅम्पल शून्य, थेट मोजणी, काय-स्क्वेअर १.८२, डिग्री ऑफ फ्रीडम १, आणि सॅम्पल कुठून, कधी, कुणाकडून घेतलं ते.